दुसरी पदवी कुणाच्या बाजूने?

नीटचे गुण हाती आले की हल्ली काही घरांत नवा बेत शिजतो. आधी एमबीबीएस, मग एलएलबी. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "उद्या कुणी केस टाकली तर?" मुलीने अजून पेशंट पाहिलेला नाही, आणि त्याच्यापासून बचावाची तयारी मात्र सुरू झाली. पेशंटला वैरी मानून सुरू होणारं शिक्षण मला मान्य नाही.

आधी हिशेब करू. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एलएलबीची तीन. एकही वर्ष वाया गेलं नाही तरी साडेआठ. अमेरिकेत पहिली पदवी झाल्यावर एमडी आणि जेडी सहा वर्षांत एकत्र करू देणारी काही विद्यापीठं आहेत. आपल्याकडे कायद्याची जोडपदवी बीए, बीबीएबरोबर मिळते, एमबीबीएसबरोबर नाही.

बरं, केल्या दोन्ही पदव्या. तरी दारावर दोन पाट्या लागत नाहीत. हा प्रश्न मुंबईच्याच एका सर्जनने कोर्टात नेला होता. डॉ. हनिराज चुलानी यांनी एलएलबी केलं आणि प्रॅक्टिस चालू ठेवून महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद मागितली. कौन्सिलने नाही म्हटलं आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कौन्सिलचा नियम उचलून धरला. वकिलीला पूर्ण वेळ द्यावा लागतो, दुसरा पेशा सांभाळून ती होत नाही, हा त्या निकालाचा गाभा. मला तो पटतो. टेबलावर माणूस पडलाय आणि कोर्टात पुकारा होतोय, अशा वेळी सर्जनने कुठे धावायचं? दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलंच.

म्हणजे निवड करावी लागते, आणि माझं भांडण त्या निवडीशी आहे. दोन्ही शिकलेली माणसं बहुतेक कुठे दिसतात? हॉस्पिटलच्या कायदा विभागात, विमा कंपनीत, डॉक्टरांच्या बचावात. ते कामही लागतं. खोट्या तक्रारी होतात, डॉक्टरांना मारहाण होते, आणि मारहाण रोखायला २०१० मध्ये महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला. पण समोरच्या बाकावर कोण बसतं?

जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की निष्काळजीपणाबद्दल डॉक्टरवर खासगी फौजदारी तक्रार दाखल करून घ्यायची तर दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं विश्वासार्ह मत हवं. डॉक्टरांना छळातून वाचवायला हे गरजेचं होतं. मात्र ज्याचं माणूस गेलं त्याने हे मत आणायचं कुठून? तालुक्यातले सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, एकाच संघटनेत असतात, एकमेकांकडे पेशंट पाठवतात. लेखी मत द्यायला कुणी पुढे येत नाही.

१९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं, तिथे हाड बसवलं आणि तो दगावला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्याने तो गेला, असं कोर्टांनी मानलं. त्याच्या बापाने लावलेल्या या खटल्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला १९६८ उजाडलं. भूल दिली होती का, किती, कुठली, यावरच सगळा वाद होता, आणि असल्या प्रश्नांची उत्तरं कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत. केसपेपर वाचता येणारा माणूस बापाच्या बाजूला लागतो.

आता ग्रामीण रुग्णालयात चला. मारामारीतला जखमी रात्री येतो, वैद्यकीय अधिकारी दाखला लिहितो. जखम किती लांब, किती खोल, कडा कशा, ताजी की जुनी, साधी की गंभीर. बाहेर रांग, आत एकटा डॉक्टर. एखादा शब्द सुटतो. काही वर्षांनी सेशन्स कोर्टात उलटतपासणीत नेमक्या त्याच शब्दावर बोट ठेवलं जातं. हत्याराची धार आणि जखमेच्या कडा जुळतात का, असं बचावाचा वकील विचारतो, आणि डॉक्टर पिंजऱ्यात गोंधळतो. सरकारी वकिलालाही फेरतपासणीत काय विचारावं सुचत नाही, कारण अहवालातलं इंग्रजी त्याला कळतं, शरीर कळत नाही. आरोपी सुटतो. यात पोलिसांच्या चुका असतात, मान्य. पण या दोघांचं अज्ञानही असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

दोन्ही विषय एका डोक्यात आले की काय होतं, ते सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजने दाखवलंय. तिथल्या न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर बलात्कारपीडितांच्या तपासणीतल्या चुकांमागे वर्षानुवर्षं लागले. कौमार्याच्या म्हणून शिकवल्या जाणाऱ्या खुणांना शास्त्राचा आधार नाही, हे त्यांनी लेखी मांडलं, आणि २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं, की बलात्कारपीडितेची टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल.

एवढ्यासाठी प्रत्येकाला साडेआठ वर्षं घालवायची गरज नाही. इंटर्नशिपच्या वर्षात आठवडाभर सेशन्स कोर्टात बसवा. डॉक्टरची साक्ष कशी होते, ते मुलांना डोळ्यांनी पाहू द्या. राष्ट्रीय विधी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिन्ही शहरांत सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. कायद्याच्या मुलांना तिथे शवविच्छेदनाला उभं करा.

आणि ज्यांना खरोखर दोन्ही शिकायचंय त्यांनी जरूर शिकावं. मग दवाखाना सोडून सनद घ्या, आणि पहिलं वकीलपत्र अशा कुटुंबाचं घ्या, ज्यांच्यासाठी तालुक्यात एकही डॉक्टर लेखी मत द्यायला तयार नाही.