एकमतास खुलं पत्र

श्री. एकमत यांस,
मुक्काम विधानभवन, मुंबई

२९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा आरक्षणाचं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं, तेव्हा हार तुमच्याच गळ्यात पडले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. त्या दिवशी जाब द्यायला तुम्ही कुठंच सापडला नाहीत. २० फेब्रुवारी २०२४ रोजी एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात १० टक्क्यांचं नवं विधेयक आलं आणि तुम्ही पुन्हा हजर!

एकदा आमच्या अंबड तालुक्यात या. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठ्या पडल्या. नोव्हेंबरात अंबडलाच ओबीसींची मोठी सभा झाली. जून २०२४ मध्ये मराठा आरक्षणासाठीचं मनोज जरांगे यांचं उपोषण स्थगित होतं न होतं, तोच शेजारच्या वडीगोद्रीत ओबीसींच्या बाजूनं लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. तालुका एक, मंडप दोन. तुमच्या दप्तरात मात्र विरोध औषधालाही नाही.

अमेरिकेत कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल यांनी काँग्रेसच्या सदस्यांची नावानिशी नोंदलेली मतं तपासून पक्षांमधली दरी मोजली. आमच्या आमदारांमधली दरी कशावरून मोजायची? आवाजी मतदानात कोणी ‘होय’ म्हटलं आणि कोण गप्प बसलं, याची नोंदच राहत नाही. मतविभागणी झालीच, तरी १९८५च्या पक्षांतरबंदीमुळे पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते.

राज्यात आधीच ५२ टक्के आरक्षण होतं आणि सर्वोच्च न्यायालयानं घातलेली ५० टक्क्यांची मर्यादा १९९२ पासून सर्वांना ठाऊक आहे. ती ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती कोणती? पहिला कायदा ज्या प्रश्नावर पडला, त्याचं उत्तर या वेळी काय? ओबीसींना नेमकी कोणती हमी? हे सभागृहात तासन्‌तास भांडून ठरवायला हवं होतं. कोणत्याच पक्षाला कोणत्याच समाजाची नाराजी नको होती, म्हणून तुम्ही सगळ्यांना पाठीशी घातलंत आणि भांडण आमच्या पारावर पाठवून दिलंत. आमदार मुंबईत एका बाकावर बसले. इथं शेजारी शेजाऱ्याला दुरावला. हा गुन्हा तुमचा आहे.

पुढचं विधेयक येईल तेव्हा बाजूला व्हा. चर्चा होऊ द्या, मतविभागणी होऊ द्या. परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर, भोकरदन या आमच्या जिल्ह्यातल्या पाचही जागांच्या आमदारांनी काय मत दिलं, ते आम्हाला नावानिशी वाचायचं आहे.

अंबड तालुक्यातला एक मतदार