घरी बसून पगार? शांतं पापं!

ऐकलंत का? आमच्या पुण्याजवळच्या वाकडच्या सोसायटीत परवा भरदिवसा अकरा वाजता एक धडधाकट पुरुष बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. कानात ते इअरबडचं पांढरं बोंडूक, हातात उशीचा ओला अभ्रा आणि तोंडाने काय, तर "हो, संध्याकाळपर्यंत रिलीज जाईल." अभ्र्याला चिमटा लावला आणि मीटिंग संपली. याला म्हणे महिनाअखेर पूर्ण पगार! आम्ही मस्टरवरच्या लेटमार्कला घाबरून अर्धा चहा टाकून पळालेली माणसं. जीव जळतो हो.

2020 च्या मार्चात टाळेबंदीबरोबर घरून काम करायचं हे खूळ घराघरात शिरलं. मास्क गेले, हे राहिलं. बरं, करोनाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नाही. जॅक नाइल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1973 सालीच हे डोक्यात भरवून ठेवलंय: माणसाला कामाकडे कशाला न्यायचं, काम माणसाकडे न्या! म्हणजे कट जुना आहे.

आणि फायदे तरी किती निर्लज्ज! हिंजवडीला जायचं म्हणजे सकाळी भूमकर चौकात क्लच दाबून बसायचं, पुढच्या बसचा धूर गिळायचा, ऑफिसात पोचेपर्यंत निम्मं अंग गळून जायचं. या तपश्चर्येवर पाणी सोडून ही मंडळी पोहे खाऊन लॉगइन करतात. पेट्रोल वाचतं, इस्त्रीवाल्याचं बिल वाचतं. दुपारी तव्यावरची पोळी थेट ताटात! डब्यातली गार भाजी खाऊन चारित्र्य घडतं, हे यांना कोण सांगणार?

कोकणातली तऱ्हा तर विचारूच नका. पूर्वी गौरीगणपतीची रजा मागताना चाकरमानी साहेबापुढे कसा अर्धा वाकलेला असायचा. आता लॅपटॉप घेऊन गावी जातो, आरती आटोपून कॉलला बसतो. घरात रेंज नसली की सड्यावर चढतो. अनंत चतुर्दशीपर्यंत मुक्काम आणि रजा शिल्लक!

कामं बोंबलत असतील, म्हणता? तिथेच तर खरी चीड आहे. शांघायच्या सीट्रिप या पर्यटन कंपनीने 2010 च्या अखेरीस कॉल सेंटरमधल्या इच्छुकांवर नऊ महिने प्रयोग केला. सम जन्मतारीखवाले आठवड्याचे चार दिवस घरी, विषमवाले ऑफिसात. (पत्रिकेपेक्षा सोपं.) स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी हिशेब मांडला, तर घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्के जास्त आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर. कारण काय, तर आजारपणाच्या रजा कमी, मधल्या सुट्ट्या कमी, शांतता जास्त. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ऑफिसात नेमकं काय करत होतो, हा प्रश्न कृपया कोणी विचारू नये. प्रयोग संपल्यावर बरेच जण आपणहून ऑफिसात परतले म्हणे, एकटं वाटायला लागलं. बघा, देव आहे!

बायकांचं मात्र निराळं. बाळंतपणाची रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक कबूल असेल, तर घरून काम करता येईल, असं 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातच लिहून टाकलं. नोकरी टिकते, हा फायदा खराच. पण ती लॅपटॉप उघडते न उघडते तोच "घरीच आहेस ना" सुरू. गॅसवाला येणार आहे, घरीच आहेस ना. बंडूला बसस्टॉपवरून आण, घरीच आहेस ना. नवरोजी त्याच घरात, तसाच लॅपटॉप घेऊन बसलेले. ते मात्र "कामात" असतात. नावं ठेवायचीच असतील तर इथे ठेवावीत.

साहेब लोक आता सगळ्यांना परत बोलावताहेत. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की त्यांना कसंसंच होतं. बोलवोत बापडे. आमचा निकाल एवढाच की काम झालं असेल तर अभ्रा कोणी वाळत घातला याची चौकशी करू नये. आणि तुमच्याही घरात कोणी कानात बोंडूक घालून बसलं असेल, तर त्याला कोथिंबीर आणायला पिटाळू नका. कामावर आहे तो. तीसुद्धा.