लंगोटही हवा, गादीही हवी

बुंदेलखंडातल्या दतियाच्या दरबाराने गामा पैलवानाला पोसलं. १९१० मध्ये लंडनच्या गादीवर मल्ल झिबिस्को त्याच्यापुढे अडीच तासांहून जास्त वेळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती सुटली. १९२८ मध्ये पटियाळ्याच्या मातीत तोच झिबिस्को मिनिटाच्या आत चीत झाला. मातीवाले हा दाखला हमखास देतात. खाशाबांचं नाव मात्र सोयीने गाळतात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले. गादीची सवय नव्हती, १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. सवय केली आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं.

प्रश्न पकडीचा आहे. मातीत जांघियाला हात घालता येतो. घिस्सा मारताना मागून जांघिया मुठीत आला की खालच्या गड्याला हलणं मुश्कील. अंगाला चोळलेली मातीही घाम शोषते, हात घट्ट बसतो. गादीवर कॉस्च्युम धरला की पंच शिट्टी वाजवतो. घामाने हात निसटतो. मग मनगट, मान, पाय यांच्याच मागे लागायचं, तेही तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत. ज्युदोतही असंच: जाकिटाची कॉलर आणि बाही हातातून गेली की कितीतरी डाव गेले.

म्हणून चौदा वर्षांच्या पोराला ‘आधी माती, गादीचं पुढं बघू’ म्हणणारा वस्ताद मला पटत नाही. पुढं म्हणजे कधी? मुठीची सवय विशीत सहजी सुटत नाही. आखाडा बुजवून नुसत्या गाद्या अंथरणारेही चुकतात, पंजा आणि दम मातीतच कमावला जातो. महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभाग आहेत आणि किताबासाठी दोन्हीकडचे विजेते एकमेकांशी भिडतात. मग सरावातच एकाला रजा का?

पोरींना तर लंगोटाच्या तालमीने दारातच अडवलं, गादीने आणि कॉस्च्युमने आत घेतलं. २०२३ ला सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. यात्रा कमिट्या एकेका जोडीच्या इनामावर लाखांनी खर्च करतात. एक वर्ष त्यातला वाटा बाजूला काढा, गावच्या तालमीत आखाड्याशेजारी गादी टाका आणि पोरींना सरावाची वेळ ठरवून द्या.