अप-डाउनवाले

विद्यापीठाच्या लेखी आमच्या कॉलेजात कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन शाखा होत्या. प्रत्यक्षात दोनच होत्या. गावातले आणि अप-डाउनवाले. गावातली पोरं दहाच्या तासाला साडेनऊला उठत. अप-डाउनवाले पाचला उठत आणि तरी दहा वाजून दहा मिनिटांनी दारात उभे राहून "येऊ का सर?" म्हणत. बाकी दिवसभर दोघांत फरक कळायचा नाही. संध्याकाळच्या गाडीची वेळ जवळ आली, की मात्र अर्ध्या बाकांखाली चपला आपोआप पायांत जाऊ लागत. फळ्यावर तेव्हा शेरशहा सूरीच्या सुधारणा असोत नाहीतर मागणीचा नियम असो, लक्ष खिडकीबाहेर.

कराडची रचनाच अशी, की शिकायचं तर आधी चालायला यावं. पाटण, ढेबेवाडी, उंब्रज, मसूर, रेठरे, सगळीकडची पोरं सकाळी स्टँडवर उतरतात. बरीचशी कॉलेजं कृष्णेच्या पुलापलीकडे, विद्यानगरात. रेल्वे स्टेशन त्याच्याही पुढं, ओगलेवाडीत. त्यामुळं रेल्वेनं कराडला आलेला माणूस अजून कराडात आलेला नसतो. यशवंतराव चव्हाणही शिकायला देवराष्ट्र्याहून इथंच आले, टिळक हायस्कुलात. ते पुढं देशाचे उपपंतप्रधान झाले. आमच्यातले बरेचजण उंब्रजपर्यंतच पोचले.

दिवस उजाडायचा तो मुक्कामी गाडीनं. रात्री शेवटची फेरी करून गाडी गावातच राहायची. चालक-वाहक कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर गाडीतच पथारी टाकायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. पहिला हॉर्न दात घासायला, दुसरा भाकरी बांधायला, तिसऱ्याला पळत सुटायचं. एखादं नेहमीचं पोरगं दिसलं नाही तर कंडक्टर दोरी ओढायच्या आधी विचारायचा, "पाटलाचं धाकटं कुठाय रं? आज पेपर हाय न्हवं त्येचा?" आमच्या प्राचार्यांना आमची नावं माहीत नव्हती. कंडक्टरला वेळापत्रक पाठ होतं.

परतीला मात्र हे घरगुती वातावरण संपायचं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल पडायचे. रुमाल म्हणजे त्या जागेचा सातबारा. मालक दारातल्या रेटारेटीतून दहा मिनिटांनी आत पोचला तरी त्याचा कब्जा शाबूत राही. रुमाल नसला तर वही, वही नसली तर डबा. एकानं बायकांच्या गर्दीत आपली चप्पल टाकून जागा धरली होती, तिला मात्र कुणी मान दिला नाही. पुढच्या सीटवर 'विधानसभा सदस्य' असं रंगवलेलं असायचं. तिथं बसायला आम्हांला कधी संकोच वाटला नाही, कारण त्या गाडीत विधानसभा सदस्य चढलेला पाहिल्याचं आमच्या आजोबांनाही आठवत नव्हतं.

गाडी चुकली की वडाप. जीपची बैठक किती माणसांची, हे तिच्या कागदांवर लिहिलेलं असतं आणि कागद घरी असतात. "दोघांची जागा हाय, दोघांची," असं ओरडून ड्रायव्हर पाच जण घ्यायचा. स्वतः अर्धा दाराबाहेर बसायचा, कारण त्याच्या सीटवरही एक पाव्हणे असत. कॉलेजच्या पोरांना बसायला सांगायची पद्धतच नव्हती. मागच्या पायरीवर लटकायचं. उसाच्या हंगामात पुढं कारखान्याला निघालेली ट्रॉली लागली, की पायरीवरचा एक हात मोकळा होई. सायकलवाल्यांचा तर तो सोन्याचा काळ. ट्रॉलीची साखळी धरायची आणि चढ फुकटात चढायचा, वर दोन कांड्या पदरात. हे अतिशय धोक्याचं होतं, हे मला आता कळतं, कारण आता मी त्याच रस्त्यानं गाडी चालवतो आणि पोरांवर ओरडतो.

उशिराचं कारण आमच्याकडं एकच. "सर, गाडी लेट होती." झोप लागलेला, चहाच्या टपरीवर रमलेला, पिच्चरचा पहिला खेळ अर्धा टाकून आलेला, सगळे त्या बिचाऱ्या गाडीवर बिल फाडत. खेड्यातून येणाऱ्या पोराला यापलीकडं कुणी विचारत नसे. इतिहासाच्या सरांपुढं मात्र ते चालेना. सर स्वतः मसूरहून अप-डाउन करायचे. ते शांतपणे म्हणायचे, "कुठली गाडी? मी त्याच गाडीनं आलो." पण शेवटचा तास ते कधीही पुरा घेत नसत.

मुलींचं गणित निराळं होतं. आमच्या वेळी शास्त्राची प्रॅक्टिकलं पाचपर्यंत चालायची आणि डोंगराकडची शेवटची सोयीची गाडी त्याआधी सुटायची. दहावीला गणितात आमच्यापेक्षा कितीतरी पुढं असलेल्या पोरी मुकाट्यानं कला शाखेत दिसल्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "मराठी आवडतं." मराठी आवडत असेलही. आता बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून तर सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळं पोरीला कॉलेजला पाठवायला नको म्हणणाऱ्या बापाचं भाड्याचं कारण तरी गेलं. गाडीची वेळ हे कारण अजून शिल्लक आहे.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. एसटीचा वाढदिवस जूनचा आणि पासाच्या रांगाही जूनच्याच. विद्यार्थ्यांना पासात सवलत ६६.६७ टक्के. दोन तृतीयांश म्हणून भागलं असतं, पण त्या दोन दशांशांमुळं आमच्या गरिबीला शास्त्रीय अचूकता आली. त्या रांगेत निम्मा दिवस जायचा. बोनाफाईड सर्टिफिकेट, फोटो, त्यावर शिक्का, मग खिडकी बंद, जेवणाची सुट्टी. पण ढेबेवाडीचा आणि मसूरचा पोरगा एकमेकांना भेटायचा तो तिथंच. माझे दोन मित्र आणि एका मित्राची बायको त्या रांगेतली आहेत.

२०२५ च्या जूनमध्ये पास थेट शाळा-कॉलेजात नेऊन द्यायची मोहीम एसटीनं काढली. माझी पुतणी खूश होती. मी म्हटलं, "अगं, मग बाहेरगावच्या पोरापोरींची ओळख कुठं व्हायची?"

"गाडीत होते की काका," ती म्हणाली. "आणि आता पळायलाही लागत नाही. माझी खिडकीची जागा रोज कुणीतरी धरून ठेवतं."

कुणाचा रुमाल, ते मी विचारलं नाही. तिच्या आईनं विचारलं.