पावती फाडलीय!

पावतीभाऊ समोरून येताना दिसले, की जालन्याच्या मामा चौकातल्या निम्म्या दुकानदारांना एकाच वेळी फोन येतो. उरलेले निम्मे हिशेबाच्या वहीत मान खुपसतात. उपयोग दोघांनाही होत नाही. भाऊ पायरी चढतात, शर्टाच्या फुगलेल्या खिशातून पावतीपुस्तक काढतात, कार्बन सरळ करतात आणि दुकानदाराचं नाव, वडिलांच्या नावासकट, लिहून मोकळे होतात. मग मान वर करून म्हणतात, “शेठ, पावती फाडलीय. आकडा तेवढा तुम्ही सांगा.”

लिहिलेली पावती रद्द करता येत नाही असं नाही. भाऊ त्यालाही तयार असतात. फक्त ते पेन उघडंच ठेवून नम्रपणे विचारतात, “कारणाच्या रकान्यात काय लिहू? ‘देणगीदाराची इच्छा नाही’ असं चालेल?” आजवर कुणालाही चाललेलं नाही.

तुमच्या गावात त्यांचं नाव वेगळं असेल. कुठे ते निवृत्त तलाठी असतात, कुठे औषधाचे दुकानदार, कुठे मोंढ्यातले जुने मुनीम. जालन्याचे पावतीभाऊ मोंढ्यातले. काटापट्टी, हिशेबपट्टी, बिल्टी या कागदांवर त्यांची हयात गेली, त्यामुळे कागदावर न उतरलेला व्यवहार त्यांना झाल्यासारखाच वाटत नाही. देवळात दानपेटीत दहाची नोट टाकल्यावर ते क्षणभर पेटीच्या फटीकडे बघत थांबतात. लग्नात आहेराचं पाकीट दिलं की नाव लिहून घेणाऱ्या पोराला विचारतात, “अनुक्रमांक किती?” पाच हजारांच्या वरच्या रकमेला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, हे त्यांना पाठ आहे. तरीही ते शंभराच्या पावतीलाही तिकीट चिकटवतात, कारण तिकिटाशिवाय पावती त्यांना बिनकुंकवाच्या पत्रिकेसारखी दिसते. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना ते धर्मादाय कार्यालयाच्या कलम ४१ क च्या परवानगीचा क्रमांक विचारतात. देणाऱ्याला पाहून घेणारे पळाल्याचं हे गावातलं एकमेव उदाहरण असावं.

त्यांच्या या छंदाला मान मिळतो तो फक्त रक्तपेढीत. तिथे पिशवीवर क्रमांक असतो, गट असतो, तारीख असते. साठवलेलं रक्त ३५ दिवसांत वापरायचं असतं, म्हणून मुदतही लिहिलेली असते. रक्तदान करून उठल्यावर हातात प्रमाणपत्र पडतं. पहिल्यांदा रक्त दिलं तेव्हा भाऊंनी ते प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि तक्रार केली, की त्यात “३५० मिलि. मिळाले” असं स्पष्ट लिहिलेलं नाही. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

अशा माणसाने गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी संगीत रजनी करायचं ठरवलं.

गायक कोण, सभागृह कुठलं, तिकीट किती, हे प्रश्न नंतरचे. आधी पावतीपुस्तकं छापून आली. बैठकीत चहा घेऊन आलेल्या पोराला भाऊंनी कपांचे पैसे मोजून दिले आणि तो वळायच्या आत त्यातल्या वीस रुपयांची पावती त्याच्या हातात ठेवली. कार्यक्रमाच्या जमाखात्यातली पहिली नोंद ती.

मग तारीख. जालना जिल्ह्यात कार्यक्रमाची तारीख ठरवून बघा. पेरणीत मोंढ्याचा माणूस जागेवर सापडत नाही. आषाढी एकादशीला अख्खं जुनं जालना आनंदी स्वामींच्या दर्शनात. पितृपक्षात कुणी दीपप्रज्वलनाला यायचं नाही. दसऱ्या-दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस, मग लग्नसराई, मग दहावी-बारावी. धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, त्याच्यापुढे कुठल्या गायकाचा टिकाव लागणार! मधल्या काळात निवडणूक लागली तर आचारसंहिता. एवढ्यातूनही एक शनिवार शिल्लक राहिला. तेव्हा एका वहिनींनी हळूच सांगितलं, की त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी येतं, अर्धी कॉलनी घर सोडणार नाही. सभा पाच मिनिटं गप्प होती. त्या पाच मिनिटांत भाऊंनी तीन पावत्या फाडल्या.

आयकराचा घाव त्याच सुमारास बसला. देणगीदारांना ओढायला भाऊंचा हुकमी एक्का होता ‘८० जी’ची वजावट. पण रोख दोन हजारांच्या वर दिले तर वजावट नाही, आणि २०२१-२२ पासून संस्थेला देणगीदारांची यादी १०-बीडी नमुन्यात ऑनलाइन भरावी लागते. वजावटीला चालतं ते तिथून निघालेलं १०-बीई प्रमाणपत्र. भर म्हणजे ज्याने नवी करपद्धती घेतली त्याला ८० जी चा उपयोगच नाही. थोडक्यात, भाऊंच्या वळणदार अक्षरातल्या पावतीला वजावटीपुरती कवडीची किंमत उरली नाही. सी.ए.ने हे सांगितलं तेव्हा भाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी संगणकातून निघालेल्या प्रत्येक प्रमाणपत्राला आपली पावती टाचणीने जोडायला सुरुवात केली.

कार्यक्रम साडेसहाचा होता, म्हणजे सव्वाआठला सुरू झाला. व्यासपीठावर पाच खुर्च्या ठरल्या होत्या. दुसरी ओळ लावावी लागली, कारण देणगी देणाऱ्याला खाली बसवायचं कसं? दीप लागला, शाली पडल्या, नारळ फिरले. आणि मग जालन्याच्या सार्वजनिक जीवनात सहसा न घडणारी गोष्ट घडली. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या भरात माईकवरून भरघोस देणगी जाहीर केली. टाळ्या संपायच्या आत पावतीभाऊ पुस्तक घेऊन माईकपाशी हजर. “पावती क्रमांक दोनशे अकरा,” त्यांनी वाचून दाखवलं, “रोख की धनादेश?”

पाहुण्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सभागृहात हशा पिकला, पण भाऊंना त्यात विनोदी काय ते कळलं नाही. त्यांच्या वहीत दोन रकाने असतात, ‘जाहीर’ आणि ‘जमा’. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळाने हे दोन रकाने शेजारी शेजारी छापून नोटीस बोर्डावर लावले, तर पुढच्या वर्षी व्यासपीठावर खुर्च्या कमी पडणार नाहीत.

गायकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास आला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा सभागृहाचा दंडक, आणि सत्कारमूर्तींना तो लागू होत नाही अशी समजूत असली तरी गायकाला होतो. सहाव्या गाण्याच्या अंतऱ्यात माईक बंद झाला. लोक कुरकुरत बाहेर पडले. हिशेब झाला तेव्हा सभागृह, ध्वनियंत्रणा, फलक, शाली, सन्मानचिन्हं, वादकांची जेवणं वजा जाता तिकीटविक्रीतून उरलेली शिल्लक तीन आकडी होती.

मराठीत पावती फाडण्याला दुसराही एक अर्थ आहे. भाऊंनी आयुष्यभर गावाच्या नावाने पावत्या फाडल्या. त्या रात्री गावाने भाऊंच्या नावाने फाडली. तारीख चुकली ती भाऊंमुळे, उशीर झाला तो भाऊंमुळे, पाहुणे नाराज झाले तेही भाऊंमुळे. कोषाध्यक्षांनी तर सरळ विचारलं, की एवढ्यासाठी कार्यक्रम कशाला? शाली आणि नारळाचेच पैसे दिले असते तर जास्त झाले असते.

प्रश्न खोटा नव्हता. ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हणच आहे. इथल्या पेठेत पैसा आहे हे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्येच हेरलं होतं. नंतर याच गावाने बियाणं आणि सळई विकून तो पुन्हा कमावला, आणि आरोग्यावर लावलाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांच्याकडे आला, पण त्याच्या आधीच, १९९२ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने श्री गणपती नेत्रालय उभं राहिलं होतं आणि मराठवाडा-विदर्भातली माणसं डोळे दाखवायला जालन्याची वाट धरू लागली होती. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं तेव्हा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाची देणगी पाठीशी होती. एक मोठी सही जे करते ते वीस-वीस रुपयांच्या हजार पावत्यांना जमत नाही, हे भाऊंनाही ठाऊक आहे. ते वाद घालत नाहीत. फक्त सांगतात की क्षयरोगाची तिकिटंसुद्धा छोटीच असतात.

या तिकिटांची गोष्ट खरी आहे. १९०३ साली डेन्मार्कमधल्या आयनर होलबोल नावाच्या टपाल कारकुनाला नाताळच्या पत्रांचे ढीग निवडताना सुचलं, की प्रत्येक पत्रावर एक जादा तिकीट विकलं तर क्षयाच्या पोरांसाठी दवाखाना होईल. आपल्याकडे १९५० पासून क्षयरोग संघटनेची तिकिटं निघू लागली. मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरला सुरू व्हायची. लाल रंगाच्या दोन आडव्या दांड्यांचा क्रूस असलेली ती तिकिटं शाळेत गुरुजी वाटायचे. बाकीची पोरं घरूनच पैसे आणून मोकळी व्हायची. शाळकरी भाऊ दारोदार हिंडले. एका म्हातारबाबांनी पैसे दिले आणि म्हणाले, “दिले खरे, पण मला पुरावा काय?” तिकीट पत्राला लावायचं असतं आणि बाबांना पत्र लिहायला कुणी नव्हतं. पोराने वहीचं पान फाडून लिहून दिलं, ‘मिळाले’. खाली सही. भाऊंची पहिली पावती तीच.

हे त्यांनी कुणाला आपणहून सांगितलेलं नाही. कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी मंठा तालुक्यातून एक म्हातारी संस्थेच्या दारात आली, तेव्हा ते निघालं. एका डोळ्याने दिसायचं बंद झालेलं, दुसऱ्यावर सावली. तिने कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, घडीवर विरलेला कागद काढला. “भाऊ, ह्यो कागुद हाय माझ्याकडं. चालतंय का बघा.”

कैक वर्षांपूर्वी आठवडी बाजारात भाऊंनी फाडलेली पाच रुपयांची पावती होती ती. संस्थेचं नाव, डोळ्याचं चित्र, रेव्हेन्यू तिकीट आणि शिक्का. तिला वाटत होतं, या कागदावर आपला उपचाराचा हक्क आहे. तो काळजी घेऊन जपायचा असतो.

ऑफिसातल्या पोराने सांगायला तोंड उघडलं, की आजी, ही पावती त्याची नसते. भाऊंनी त्याला हाताने थांबवलं. कपाटाच्या तळातून जुन्या स्थळप्रतींचे गठ्ठे काढले, पाऊण तास शोधलं आणि जोडीची प्रत सापडल्यावर दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. क्रमांक जुळत होता. “चालतंय, माय,” ते म्हणाले.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज गरिबाला फुकट मिळू शकते. रुग्ण अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत आहे. पण सोबत्याला तिकीट पडतं, बाईमाणूस असेल तर २०२३ पासून अर्धं. त्याचा दिवसाचा रोज बुडतो. नंतरच्या थेंबांचा खर्च असतो, आठवड्याने पुन्हा तपासणीला यायचं असतं आणि चष्मा घ्यायचा असतो. असल्या किरकोळ रकमांसाठी मोठा धनादेश कुणी लिहीत नाही. त्या भागतात त्या चहावाल्याच्या वीस रुपयांतूनच.

म्हातारीच्या नातवाचा रोज, दोन्ही खेपांचं भाडं आणि थेंबांच्या बाटल्या त्या तीन आकडी शिल्लकेतून गेल्या, कमी पडले ते भाऊंच्या खिशातून. स्वतःच्या खिशातले घालताना त्यांनी स्वतःच्या नावाने पावती फाडली, वडिलांच्या नावासकट, आणि आकडा टाकायच्या आधी नेहमीसारखे थोडे थांबले. पट्टी सोडल्यावर म्हातारीने पहिल्यांदा काय पाहिलं ते नातवाने नंतर सांगितलं. तिने तो कागद मागितला आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिला फक्त तिकिटाचा रंग बघायचा होता.

यंदाच्या कार्यक्रमाची तारीख अजून ठरलेली नाही. पावतीपुस्तकं मात्र छापून आली आहेत.