अन्नपूर्णेचं नाक

गाडीचा रंग उन्हाने जातो, पावसाने जातो, कबुतरांमुळे तर जातोच. पण सगळ्यात जास्त जातो तो मायेने. सकाळी ऑफिसला निघताना माणूस पिवळा फडका काढतो, बॉनेटवरची धूळ चार हात मारून झटकतो आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानात चावी फिरवतो. ती धूळ म्हणजे बारीक दगडच. पुण्यात निम्मी मेट्रो आणि एखाददुसरी टेकडी रोज आपल्या टपावर येऊन बसते. कोरड्या फडक्याबरोबर ती कचही रंगावर फिरते आणि उन्हात बघावं तर गोल गोल ओरखड्यांचा नुसता गोंधळ. पांढऱ्या गाडीवर हे पाप झाकलं जातं. माझी गाडी काळी आहे.

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, असा हा संसार असतो. सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट 40-50. माणसाचा केस 70च्या आसपास भरतो. म्हणजे ज्या चकाकीपायी आपण शोरूमबाहेर पेढे वाटतो, ती केसाहूनही पातळ! पोरांनी धुळीत बोटाने लिहिलेलं ‘काका गाडी धुवा’ गाडी धुतल्यावरही वाचता येतं, ते उगाच नाही.

आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला एक मुलगा येतो. भलता कष्टाळू. एक बादली, एक फडका आणि दोन विंगच्या गाड्या. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, शेवटच्या गाडीला आधीच्या सगळ्या गाड्या मिळतात. मी त्याला सांगितलं, ‘महिन्याचे पैसे पूर्ण घे, पण माझ्या गाडीला हात लावू नकोस.’ त्याने ही बातमी वॉचमनला दिली. त्यानंतर सोसायटीत माझ्याशी लोक जरा सांभाळून बोलू लागले.

धुण्याचं शास्त्र तसं साधं. गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा. नाहीतर बोअरचं पाणी आपण पुसायच्या आत वाळतं आणि क्षारांचे डाग मागे ठेवून जातं. बादल्या दोन घ्यायच्या, एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा फेसात बुडवायचा. सुरुवात टपापासून, चाकं शेवटी आणि वेगळ्या कपड्याने. भांड्यांचं लिक्विड नको, आधीचं मेण असेल तर तेही उतरतं.

‘दुसरी बादली कशाला?’ सेक्रेटरींनी गॅलरीतून विचारलं. आमच्याकडे पाणीटंचाईची नोटीस उन्हाळ्यात लागते आणि दिवाळीपर्यंत काढायची राहून जाते. मी म्हटलं, ‘पाइप लावला तर दहा बादल्या जातील.’ दहा हा आकडा ऐकून ते आत गेले, बहुधा लिहून ठेवायला.

खरी गंमत धुतल्यानंतर. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवा. उघड्या हाताला जे गुळगुळीत लागलं होतं, ते पिशवीतून खरखरीत लागतं. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक अशी मंडळी रंगावर घट्ट बसलेली असतात आणि ती शांपूला दाद देत नाहीत. पिशवी शोधावी लागली नाही. राज्यात 2018 साली तिच्यावर बंदी आली, तेव्हापासून आमच्या सिंकखाली तिचा साठा आहे.

बी विंगमधले निवृत्त बँक मॅनेजर काका ‘हे काय चाललंय?’ म्हणत आले. त्यांनी पिशवी हातात चढवली, माझं बॉनेट चाचपलं आणि गंभीर झाले. मग तसेच स्वतःच्या गाडीकडे गेले. परतले तेव्हा बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. थोड्याच वेळात पार्किंगमध्ये पाच-सहा सुशिक्षित माणसं एका हातात पिशवी चढवून एकमेकांच्या गाड्या चाचपत होती. ‘तुमची जास्त खरखरीत आहे हो,’ असं सांगताना एकेकाचा चेहरा काय फुलायचा!

या खरखरीवर उतारा म्हणजे क्ले बार, जपानहून जगभर गेलेली एक मऊ वडी. ती हातात मळून चपटी करायची, पत्र्यावर भरपूर ल्युब्रिकंट फवारायचं आणि अजिबात जोर न लावता सरळ रेषेत फिरवायची. सुरुवातीला वडी अडखळते, बारीक कुरकुर ऐकू येते, मग आवाज थांबतो आणि ती सुळकन सरकू लागते. उलटून पाहिली की तिच्या पोटावर तपकिरी पट्टा दिसतो. दुमडायची, स्वच्छ बाजू वर आणायची, पुढे चालायचं.

हे मी समजावत होतो तोवर काकांनी ‘बघू’ म्हणून वडी घेतली आणि ती फरशीवर पडली. पडलेली वडी टाकून द्यायची, या नियमाला अपवाद नाही. खालची कच तिच्यात रुतते आणि पुढे ती सँडपेपरचं काम करते. काका म्हणाले, ‘अहो, धुऊन घ्या की! केवढ्याची आहे?’ किंमत ऐकल्यावर त्यांनी ती स्वतःच्याच खिशात ठेवली. काकूंची गाडी नवीन आहे, एवढीच मला काळजी.

आईचा प्रवेश पॉलिशच्या वेळी झाला. तिने डबीचा वास घेतला आणि विचारलं, ‘चिंच लावून पाहिलीस?’ उभा जन्म तांब्या-पितळेत गेलेल्या बाईपुढे माझी डबी म्हणजे कालचं पोर. पण पॉलिश काय करतं ते समजायला तिचंच देवघर बरं. तिथे आजीच्या माहेरून आलेली पितळी अन्नपूर्णा आहे. घासून घासून तिचं नाक सपाट झालंय, डोळे अंदाजाने समजून घ्यायचे. लखलखते मात्र अशी की बघत राहावं! पॉलिशनेही ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या पातळीला आणला जातो. हलक्या हाताने केलं तरी एखाद-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंड जोरकस असेल तर जास्त. ‘दर तीन महिन्यांनी पॉलिश’ असं पॅकेज कोणी गळ्यात मारू लागला की मी अन्नपूर्णेच्या नाकाकडे बघून नाही म्हणतो. ओरखड्यात नख अडकलं तर पॉलिशचा नादच सोडावा. ते काम पेंटरचं.

मेण मात्र गाडीकडून काही घेत नाही. कार्नोबा नावाचं मेण ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून काढतात. चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांना चकाकी आणायलाही तेच वापरतात. आई इथे पहिल्यांदा प्रभावित झाली. ‘म्हणजे खाल्लं तरी चालतं?’ डबीतलं चालत नाही, हे नातवाकडे बघून मोठ्याने सांगावं लागलं. आपल्या ऊनपावसात हे मेण काही आठवडे टिकतं, तोवर पाण्याचे थेंब बॉनेटवरून नुसते घरंगळत राहतात.

धुळीने माखलेली गाडी घेऊन लग्नाला गेलात तर फार तर नातेवाईक बोलतील. रंगाला काही होत नाही. तेव्हा वेळ नसेल त्या दिवशी गाडी तशीच राहू द्या, फडका डिकीत राहू द्या. दसऱ्याला बॉनेटवर हळद खुशाल लावा, उन्हाने तिचा पिवळेपणा उडतो. हार मात्र दोऱ्यात ओवलेलाच घ्या. तारेचा असेल तर फुलवाल्याला तिथल्या तिथे परत करा.