साडूभाऊंचं भावपत्रक

आमचे साडूभाऊ वारल्यानंतरही चार वर्षं शाळेला खडूचा भाव कळवत होते. दर मार्चला, सहीशिक्क्यानिशी, आणि दर खेपेला माझ्यापेक्षा पेटीमागे पाच रुपये महाग. हयातीतही त्यांचं असंच होतं. कुणाला परवडायचे नाहीत.

खुलासा करतो. बारडोलीत माझं स्टेशनरीचं दुकान. वडील नंदुरबारहून तापी लाइनच्या पॅसेंजरने आले आणि इथेच उतरले. आसपासच्या सरकारी शाळांना खडू, डस्टर, हजेरीपट मी पुरवतो. खरेदीआधी तीन भावपत्रकं हवीत, असा शाळांचा दंडक. आचार्यसाहेब, म्हणजे मुख्याध्यापक, मोटारसायकल स्टँडवर लावता लावताच ओरडत, "काका, त्रण भाव आपजो ने!" तिन्ही मीच देई. एक माझ्या लेटरहेडवर, एक मामेभावाच्या, एक साडूभाऊंच्या. मामेभावासाठी डावा हात वापरायचो, साडूभाऊंसाठी बायकोचा. मग तुलनात्मक तक्ता व्हायचा आणि त्यात मी सर्वांत स्वस्त निघायचो. ही स्पर्धा मी ओळीने अकरा वर्षं जिंकली.

लबाडी म्हणा. पण भाव रास्तच असे, कारण बारडोलीत दुसरा चालतच नाही. या तालुक्याने १९२८ साली खुद्द सरकारशी घासाघीस केलेली आहे. शेतसाऱ्यात २२ टक्के वाढ मागितली होती. वल्लभभाईंच्या शब्दावर लोकांनी सारा अडवला, आणि ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीअंती वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. दशांशासकट! त्या लोकांची पणतवंडं माझ्या गल्ल्यासमोर उभी असतात.

मग पीएफएमएस आलं, म्हणजे सरकारी पैशाचा संगणकावरचा हिशेब. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे अनुदान मिळतं. शंभराच्या वर आणि अडीचशेपर्यंत पट असेल तर वर्षाला ५०,००० रुपये. पूर्वी आचार्य चेक फाडत, मी खिशात घालत असे. २०२१ पासून पैसा राज्याच्या एकाच खात्यात राहतो, शाळेला नुसती खर्चाची मर्यादा. एकाने बिल चढवायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, आणि त्याआधी व्यापाऱ्याचं नाव खात्यासकट यंत्रात बसायला हवं. माझं बसेना. दुकानाच्या पाटीवरच्या इंग्रजी 'श्री'ला शेवटी दोन ई, बँकेत एकच आय. आठ दिवस मी दोन वेगळी माणसं ठरलो होतो. अकरा वर्षं तीन माणसं होतो, तेव्हा कुणी हटकलं नव्हतं.

बाकं, संगणक असली मोठी खरेदी तर माझ्या हातून गेलीच. ती २०१६ला निघालेल्या जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते. तिथे माल पोचून पसंत पडल्याचा दाखला असतो, त्याला 'क्रॅक' म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने तो स्वतः भरून पाहिलेला असावा.

खरी तंतरली ती नव्या शिक्षिकाबेन आल्यावर. पोरगी हुशार, लॅपटॉप मांडीवर. म्हणाली, "काका, आता भावपत्रकंही ऑनलाइन. तुमचा मोबाइल नंबर आहे, बाकीच्या दोन वेपाऱ्यांचे द्या. त्यांना ओटीपी जाईल."

साडूभाऊंना ओटीपी!

मी म्हणालो, "त्यांना रेंज नाही."

"मग वायफाय?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चार वर्षं त्यांच्या नावाने सह्या करते आहे मी, आता तरी त्यांना सुटू द्या." त्या वर्षी मला प्रथमच खरे प्रतिस्पर्धी भेटले. एक कडोदचा, एक सुरतेचा. खडूच्या पेटीमागे चार रुपये उतरावे लागले. मामेभाऊ मात्र अजून विचारतो, 'या वर्षी माझा भाव काय होता?'

कागद गेला म्हणतात. पीएफएमएसवर बिल मंजूर झालं की यंत्रातून एक पत्र निघतं, 'प्रिंट पेमेंट अॅडव्हाइस'. ते छापायचं, दोघांनी सह्या करायच्या आणि बँकेत नेऊन द्यायचं. शाळेचा प्रिंटर बंद असतो, म्हणून बेन माझ्याच दुकानात येतात. मार्चअखेरीला रांग लागते. गेल्या ३१ तारखेला दुकानातली सगळी रिमं संपली, तेव्हा ड्रॉवरमधल्या पाठकोऱ्या कागदांवर छापून दिलं. तासाभराने बेन हातात पत्र घेऊन परत आल्या.

"काका, बँकवाले विचारतात, मागच्या बाजूची ही पार्टी कोण?"

उलटून पाहिलं. साडूभाऊंचं लेटरहेड, शिक्क्यासकट. शेजारच्या दुकानातून कोरा कागद मागून आणला आणि नवी प्रिंट काढून दिली. पैसे घेतले नाहीत.